आलुईवहिनींचं नाक

आमच्या आणि आलुईवहिनींच्या घरामध्ये एक दगडी पायरी आणि त्यांची सात बदकं, एवढंच अंतर आहे. सकाळी मी कुआनइम देवीपुढे चहाचे तीन पेले ठेवून उदबत्ती लावते, तोवर भिंतीपलीकडून आवाज येतो, "धाकटे, उदबत्त्या दमटल्यात गं तुझ्या. उन्हात टाक." माझी पेज तळाला लागतेय हे माझ्याआधी त्यांना कळतं. माझ्या लेकीला दिवस गेलेत हे तिला स्वतःला कळायच्या आधी त्यांनी मला हळूच सांगितलं होतं. मी त्याच दिवशी ते वहीत लिहिलं आणि देवीला नवस बोलले. खरं निघालं.

वहिनी मूळच्या डोंगरावरच्या नव्हेत. खाली समुद्राकाठी, मिठागरं आणि वाळत घातलेली मासळी यांच्यात त्यांचं माहेर. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन वर आल्या तेव्हा चहाच्या झाडाला त्यांनी कधी हातसुद्धा लावलेला नव्हता. आमच्याकडे जुन्या झाडांचा चहा एकत्र करत नाहीत. एकेका झाडाची पानं वेगळी खुडायची, वेगळी करायची, आणि वासावरून त्या झाडाला नाव द्यायचं. अनंत, सोनटक्का, बदाम, मध, अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. पेला नाकाशी नेऊन त्यातलं एखादं घेतलं की माणूस जाणकार ठरतो. वहिनींना ही यादी ठाऊक नव्हती. त्या आपल्या ओळखीच्या वस्तूंची नावं घेत. एका चहाला म्हणाल्या, नवरीच्या पेटीत पपनसाची साल ठेवलीय. दुसऱ्याला म्हणाल्या, उन्हात वाळलेलं जाळं. लोक आधी हसले. मग असं व्हायला लागलं की ज्या चहाला वहिनी "ओली छत्री" म्हणाल्या, तो महिन्याभरात खरंच बुरसला. तेव्हापासून चहा भाजून झाला की जो तो मूठभर पानं कागदात बांधून त्यांच्या दारात उभा.

वहिनींना खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही. भाजीवाल्याशी त्या रोज बोलतात. पण नाकासमोर काही धरलं की त्यांचं तोंड त्यांच्या ताब्यात राहत नाही. आणि त्यामुळेच अकरा वर्षांपूर्वी आमच्या घराच्या वाट्याला ते आलं.

माझे थोरले दीर, सियाबाक भावजी, आमच्यातच राहतात. जाऊबाई लवकर गेल्या. भावजी बोलतात कमी, आणि पानांशी जेवढं बोलतात तेवढं माणसांशी बोलत नाहीत. कड्याखाली त्यांचं एक झाड आहे, पणजोबांनी लावलेलं. त्याची पानं वर्षातून एकदाच, वसंतात खुडायची. सगळा मिळून चार किलोसुद्धा चहा होत नाही. तिसऱ्या महिन्यात गावदेवाच्या दिवशी पहिले तीन पेले कुणाच्या घरचे, हे देवाला कौल लावून ठरतं. त्या वर्षी कौल भावजींना मिळाला होता. देवाला पेले ठेवून झाले, मग मंडळींनी चहा घेतला. सगळे म्हणाले, अनंत. वा, अनंत. भावजी हात मागे बांधून उभे होते, आणि आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून छताकडे बघत होते. तेवढ्यात पेला आलुईवहिनींकडे आला. त्यांनी नाक घातलं आणि म्हणाल्या, "मुळ्याची बरणी."

देऊळ हसलं. संध्याकाळपर्यंत पोरांच्या तोंडी तेच, महिन्याभरात खालच्या व्यापाऱ्यांच्याही तोंडी तेच. झाडाचं नाव अनंत पडायचं ते राहिलं, आणि मुळ्याची बरणी पडलं. आता खारवलेल्या मुळ्याची बरणी आमच्याकडे कुठल्या घरात नाही? सकाळच्या पेजेबरोबर तोच तर लागतो. पण तिचं झाकण उघडलं की माणूस खिडकीही उघडतो.

तेव्हापासून भावजींनी आलुईवहिनींना चहाला बोलावलं नाही. आमच्या डोंगरावर दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "या, चहा घ्या" म्हणतात. कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा एकमेकांना म्हणतात. अकरा वर्षं भावजी रोज सकाळी पायरीवर किटली ठेवून चहा करत, वहिनी समोरून बदकं हाकत जात, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत भावजी नळीत काहीतरी अडकल्यासारखं किटलीकडेच बघत राहत. वहिनीही कमी नाहीत. त्या मुद्दाम तिथेच थांबून बदकं मोजत. सातच तर आहेत.

यंदा कौल परत भावजींना मिळाला. नव्या वर्षापासूनच ते तयारीला लागले. कोळसा निवडून ठेवला, परड्या धुऊन वाळवल्या. मला एकदाच म्हणाले, "या वेळी नाव बदलेल." आणि पानं खुडायच्या तीन दिवस आधी, दुपारी जरा ऊन पडलं म्हणून, त्यांनी जाड गोधडी काढून पातळ घेतली. दुसऱ्या दिवशी नाक बंद.

आलं झालं, लसूण झाली, वाफारा झाला. मी देवीपुढे रोजच्यापेक्षा दोन उदबत्त्या जास्त लावल्या. भावजींनी शेवटी लसणाच्या लोणच्याच्या बरणीत नाक घातलं आणि तसंच बाहेर काढलं. काही नाही. आणि झाडावर पान अगदी तयार. सकाळी उठून बघते तो आकाश निळं, वारा उत्तरेचा. असा दिवस चहावाले वर्षभर मागतात. दोन दिवस थांबलं तर पान राठ होणार, आणि पुढचं पान पुढच्या वसंतात. दुपारी पानं खुडली, उतरत्या उन्हात पसरली आणि घरात आणली. हात सांगतो पान किती ढिलं झालं, डोळा सांगतो कड किती लाल झाली. पण कढईत कधी घालायचं ते नाकच सांगतं. जरा लवकर घातलं तर कडू, जरा उशिरा तर मेलेलं. अकरा वर्षांनी आलेला कौल, देवाचे तीन पेले आणि त्या झाडाचं नाव, सगळं एका बंद नाकावर येऊन बसलं.

आमच्या यजमानांचं नाक चौदाव्या वर्षापासून तंबाखूनं गेलेलं. त्यांना फक्त पेट्रोल कळतं. बाकीच्यांच्या घरी त्याच चांगल्या दिवसाची आपापली पानं पसरलेली. रिकामं नाक गावात एकच होतं. वहिनींची झाडं लवकरची, त्यांचं काम सहा दिवसांपूर्वीच उरकलं होतं.

भावजी परड्यांसमोर बसून राहिले. बऱ्याच वेळानं भिंतीला उद्देशून म्हणाले, "समुद्राकडची माणसं रात्री जागू शकतात का, कुणास ठाऊक."

मी पदराला हात पुसले आणि पायरी ओलांडली. वहिनी बदकांसाठी पाला चिरत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या तोंडालाही सर्दी झालीय का? त्यानं बोलवावं." मी म्हटलं, वहिनी, देवाचा चहा आहे. त्यांनी सुरी खाली ठेवली. "देवासाठी येते. त्याला तसं सांग."

मी तसं सांगितलं. भावजींनी एक स्टूल पायानं पुढे सरकवलं, तेही माझ्याकडे.

मग सुरू झालं. भावजी परडीतली पानं ओंजळीनं उचलत आणि सोडत, उचलत आणि सोडत, झोपलेल्या तान्ह्याला कुशीवर वळवावं इतक्या हळू. पानाची कड पानाला लागते, तेवढीच दुखावते, आणि तिथे लाली यायला लागते. मग दोन तास विसावा. पान आधी मरगळतं, मग देठातलं पाणी वर चढतं आणि ते परत ताठ होतं. मग पुन्हा ओंजळी. तिघं एकाच खोलीत, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, आणि बोलणं सगळं माझ्यावरून.

"तिला विचार, काय येतंय."

"वहिनी, काय येतंय?"

"त्याला सांग, कापलेलं गवत."

मी भावजींकडे वळले. ते म्हणाले, "ऐकू आलं. कानाला नाही झाली सर्दी."

दुसऱ्या विसाव्यानंतर काकडीची साल आली. तिसऱ्यानंतर कच्चा पेरू. पेरू ऐकून भावजींनी मान हलवली, म्हणजे गाडी बरोबर चालली होती. मधल्या वेळात वहिनींनी माझे भाजलेले शेंगदाणे संपवले आणि मला म्हणाल्या, त्याला सांग, पुढच्या वर्षी गोधडी बदलण्याआधी मला विचार, मी हवा हुंगून सांगेन. मी ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. भावजींचे कान लाल झाले होते.

चौथ्या विसाव्यानंतर वहिनींनी परडीवरून डोकं वर केलं. "फूल आलं."

"कुठलं, विचार."

"पांढरं कुठलंतरी."

भावजी ताडकन उठले. अनंत पांढराच असतो. त्यांनी यजमानांना हाक मारून चुलीत लाकडं घालायला सांगितली आणि परडी उचलली. वहिनी स्टुलावरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "धाकटे, त्याला सांग, खाली ठेव. फूल वरवर आलंय, पाहुण्यासारखं. खाली पेरू अजून कच्चाच आहे. आता कढईत गेलं तर पहिला घोट गोड, दुसरा कडू."

भावजी परडी धरून तसेच उभे. चूल पेटली होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते सरळ वहिनींकडे वळले.

"आणि थांबलो, आणि मुळा आला म्हणजे?"

वहिनींनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"येऊ दे की. मुळ्यानं तुझं काय वाकडं केलंय?"

"अकरा वर्षं माझ्या झाडाला बरणी म्हणतात लोक."

"मग? वीस वर्षांच्या बरणीत वाईट काय आहे? पोट दुखलं की तूच माझ्या सासूबाईंकडे तुकडा मागायला यायचास. काळा, मऊ, मधासारखा. माझ्या माहेरी लेकीबरोबर सासरी देतात ती बरणी. मला दिली होती."

भावजींनी परडी हळूच खाली ठेवली. "तू नुसती बरणी म्हणालीस. कुठली ते नाही सांगितलंस."

"तू विचारलंस कुठे?"

आमच्याकडे प्रत्येक घरात दोन बरण्या असतात. एक स्वयंपाकघरात, यंदाची, रोजच्या पेजेसाठी. दुसरी आतल्या खोलीत, सासूच्या सासूनं भरलेली, औषधाची, आणि तिच्या झाकणाला हात लावायला आजारी पडावं लागतं. अख्ख्या देवळाला स्वयंपाकघरातली आठवली होती. वहिनींच्या नाकात आतल्या खोलीतली होती. चुलीपाशी यजमान इतके हसले की हातातलं लाकूड पायावर पडलं. भावजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चुलीतला जाळ कमी करायला लागले.

मग भावजी बसले. आमच्या घरात पाचव्यांदा पानं हलवायची रीत नाही, पण त्यांनी पाचव्यांदा हलवली, आधीच्या चारांहून हळू. पानांच्या मधे हिरवं आणि कडेनं बारीक लाल काठ, दिव्याजवळ धरलं की लुगड्याच्या काठासारखा दिसायचा. खिडकी पांढुरकी व्हायला लागली. वहिनी भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा श्वास जड झाला. झोपल्या. भावजी एकदा पानांकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. मला खुणेनं म्हणाले, उठव. मी देवीचं नाव घेऊन हात पुढे केला, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच वहिनी म्हणाल्या, "घाल."

भावजींनी घातली. कढईत पानं तडतडली, मग त्यांनी ती गरम गरम वळली आणि कोळशावर ठेवली. त्या दिवशीच्या माझ्या वहीत एकच ओळ आहे: भावजी आलुईवहिनींशी बोलले.

पुढे मंद कोळशावर भाजणं झालं, मधे विसावा, परत भाजणं. देवाच्या दिवसापर्यंत भावजींची सर्दी उतरली, पण वास काही आला नव्हता. गावदेवापुढे बदक, मासा, तांदळाच्या उकडीला आकार देऊन केलेली लाल फळं मांडलेली होती. त्यांच्यासमोर बसून भावजींनी चहा केला. झाकणाच्या वाटीत काठोकाठ पानं भरली, उकळतं पाणी उंचावरून कडेकडेनं ओतलं, पहिलं पाणी टाकून दिलं. एकमेकांना चिकटवून ठेवलेल्या तीन चिमुकल्या पेल्यांवरून वाटी गोल गोल फिरवली, म्हणजे एकाला फिका आणि एकाला कडक असं होत नाही. शेवटचे थेंबसुद्धा एकेकाला एकेक वाटून दिले. मग कौलाची लाकडी अर्धचंद्रं हातात घेऊन ते म्हणाले, "देवा, चहा गोड मानून घे आणि झाडाचं नाव अनंत कर."

टाकली. दोन्ही सपाट बाजूनं वर, म्हणजे ना हो, ना नाही. देव हसला. देवळातले चार जणही हसले. भावजींनी परत विचारलं, परत टाकली. देव परत हसला.

मागून आलुईवहिनी म्हणाल्या, "एकाच वेळी दोन गोष्टी काय मागतोस? त्याला कळत नाहीये कशाला हो म्हणायचं."

भावजींनी अर्धचंद्रं परत उचलली. मग म्हणाले, "देवा, चहा गोड मानून घे." एक सपाट वर, एक सपाट खाली. मानला. बाहेर फटाक्यांची माळ लागली.

नंतर मंडळींचे पेले फिरले. या वेळी कुणी फुलाचं नाव घेतलं नाही. घोट घेऊन जो तो वहिनींकडे बघायला लागला. भावजींनी स्वतः एक पेला दोन्ही हातांनी उचलला आणि वहिनींपुढे नेला.

"सांग. मला अजून वास येत नाही."

वहिनींनी हुंगलं. प्यायल्या. रिकामा पेला उलटसुलट करून तळ हुंगला. फटाक्यांचा धूर ओसरेपर्यंत वाट बघितली आणि परत तळ हुंगला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाव नाही सापडत. ओळखीचा आहे. पण कशाचा ते नाही सापडत."

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मंडळी बघत राहिली. भावजींनी पेला परत घेतला, आणि या खेपेला त्यांनी छताकडे पाहिलं नाही, चेहऱ्यावर जे होतं ते सगळ्यांना दिसू दिलं. घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आलुईला नाव सापडलं नाही." न विचारता सांगत होते. एवढं बोललेले मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर किटली चढली. वहिनी बदकं हाकत आल्या. भावजी किटलीकडे न बघता म्हणाले, "आलुई, चहा."

वहिनींनी बदकांना वाऱ्यावर सोडलं आणि बसल्या. हुंगलं, प्यायल्या, तळ हुंगला. नाही सापडलं. उद्या परत बघू म्हणाल्या. उद्याही नाही सापडलं. आठवडा गेला. भावजींचं नाकही एका सकाळी उघडलं. पेला नाकाशी नेल्यावर त्यांनी डोळे मिचकावले ते मी पाहिलं. मी विचारलं, भावजी, काय येतंय? म्हणाले, ते तिचं काम आहे.

देवळाचा वाटा गेला, नातलगांचे पुडे गेले. उरलेला चहा एका डब्यात आहे, आणि यजमान म्हणतात, नाव सापडेपर्यंत आपल्याला हुंगायलासुद्धा मिळणार नाही. परवा मी पायरीवर केर काढत होते. वहिनींनी रिकाम्या पेल्याचा तळ हुंगला आणि त्यांच्या ओठांवर कसलंसं नाव आलं. ते त्यांनी लगेच तळहातानं पुसून टाकलं. नंतर भिंतीपाशी मी हळूच विचारलं, वहिनी, सापडलं ना?

"सापडून बरेच दिवस झाले, धाकटे. नाव सांगितलं की पेला बंद होतो. एकदा सांगून बघितलंय मी."

आज सकाळी भावजींनी पेला पुढे केला. वहिनी डोळे मिटून सावकाश प्यायल्या.

"काय, सापडलं?"

"जवळ आलंय," वहिनी म्हणाल्या.

भावजींनी डब्याचं झाकण काढून आत डोकावलं, डबा कानाशी नेऊन हलवला, आणि तळाशी पानं किती खुळखुळतात ते ऐकलं. मग झाकण घट्ट लावलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "उद्या ये."